उजेडात नेऊन पाहावे

धाराशिवच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून कापडाचा व्यवसाय करणारे एक जैन कुटुंब आहे. गेल्या वर्षी या घरातील एम.कॉम. झालेल्या मुलीचा बायोडाटा प्रथमच नात्यागोत्यांत फिरू लागला. सोबतचे छायाचित्र धाकट्या भावाने दुकानातच, गल्ल्याशेजारी, ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढले होते. आठ दिवसांनी एका स्थळाकडून निरोप आला. मध्यस्थाने आडपडदा न ठेवता सांगितले, ‘‘घर चांगले, शिक्षण चांगले, पण मुलीचे नाक जरा मोठे वाटते आणि डोळ्यांखाली काळे आहे, असे त्यांचे म्हणणे.’’

मुलगी काही बोलली नाही. नेहमीप्रमाणे ती दुकानाचा हिशेब लिहायला बसली. मात्र त्या दिवसापासून ती आरशापुढे जरा अधिक वेळ उभी राहते, हे आजीच्या नजरेतून सुटले नाही. ‘‘आमच्या वेळी माणसे घरी येऊन मुलगी पाहत,’’ आजी मुलाला म्हणाल्या, ‘‘आता माणसाआधी फोटो पोचतो आणि माणूस घरीच राहतो.’’

आजींच्या आग्रहाखातर वडील मुलीला घेऊन गावातील एका जुन्या छायाचित्रकाराकडे गेले. त्या वृद्ध गृहस्थांनी मोबाइलवरचे छायाचित्र पाहिले, मग मुलीकडे पाहिले आणि ते हसले. ‘‘शेठजी, यात ताईंचा दोष नाही आणि मोबाइलचाही नाही. दोष अंतराचा आहे.’’

व्यापाऱ्याला आकड्यांची भाषा लवकर कळते, म्हणून त्यांनी कागदावर हिशेब मांडला. नाकाचे टोक कानापेक्षा सुमारे १२ सेंटिमीटर पुढे असते. मोबाइल नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४२ सेंटिमीटरवर पडतो. म्हणजे कानाच्या मानाने नाक ४० टक्के मोठे उमटते. तोच कॅमेरा १८० सेंटिमीटरवर नेला, तर कान १९२ वर. फरक जेमतेम सहा-सात टक्क्यांचा. अमेरिकेतील प्लास्टिक सर्जरीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली हेच गणित प्रसिद्ध झाले. १२ इंचांवरून घेतलेल्या छायाचित्रात नाक चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्के रुंद दिसते आणि ५ फुटांवर ही विकृती जवळजवळ उरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. स्वतःच्या हाताने काढलेली छायाचित्रे दाखवून नाकाची शस्त्रक्रिया करून घेऊ पाहणाऱ्या माणसांमुळे डॉक्टरांना हा हिशेब मांडावा लागला.

भिंगच चेहरा बदलते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः चेहऱ्याचे प्रमाण अंतर ठरवते; भिंग केवळ छायाचित्रकाराने कोठे उभे राहावे हे ठरवते. मोबाइलचे मुख्य भिंग विस्तृत दृश्य टिपणारे असते, म्हणून चेहऱ्याने चौकट भरायची तर अगदी जवळ जावे लागते. स्टुडिओतील ८५ मिलिमीटरचे भिंग सहा फुटांवरून तेच काम करते. याच विस्तृत भिंगामुळे समूहचित्रात कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ताणलेला दिसतो. कुंथलगिरीच्या यात्रेत पायऱ्यांवर काढलेल्या छायाचित्रात नेहमी कडेला उभ्या राहणाऱ्या काकू उगीच जाड दिसतात, त्याचे कारण हेच.

मग प्रकाशाचा विषय निघाला. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने भुवयांची सावली डोळ्यांत उतरते आणि निरोगी डोळ्यांखालीही काळे दिसते. भर दुपारच्या उन्हातही तेच होते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून येतो, सगळ्या सावल्या पुसतो आणि चेहरा सपाट करतो. प्रकाश खालून आला तर ओळखीचा चेहराही परका वाटतो. मंदिरात आरतीच्या वेळी तबक वर-खाली होते, तसतशी मूर्तीची मुद्रा बदलल्यासारखी भासते. पाषाण तोच असतो, फिरत असतो तो दिवा.

‘‘आमच्या गादीवरच्या पणजोबांच्या तसबिरीत ते फार काळे दिसतात,’’ मुलीने प्रथमच तोंड उघडले, ‘‘आजी तर सांगते, ते गव्हाळ होते.’’

‘‘दोघेही खरे असू शकतात,’’ छायाचित्रकार म्हणाले. जुन्या काचांवरचे रसायन निळ्या प्रकाशाला जागे आणि तांबड्याला जवळजवळ आंधळे असे. त्यामुळे गव्हाळ, तांबूस वर्ण गडद उमटे. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्या काळात सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विजेचे दिवे सर्रास नव्हते, तेव्हा अशा स्टुडिओंत काचेच्या छतातून येणारा उजेड पडद्यांनी गाळून, हवा तसा वळवून चेहऱ्यावर पाडत. पडद्यावाचून उन्हात बसवले, तर राजाही चांगला दिसत नाही.

वडील मात्र अस्वस्थ होते. ‘‘काका, असे उजेड-अंतर जमवून फोटो काढणे म्हणजे समोरच्याची फसवणूक तर नाही ना?’’

वृद्धांनी उलट विचारले, ‘‘शेठजी, गिऱ्हाइकाला लुगड्याचा रंग ट्यूबलाइटखाली कळला नाही, तर तुम्ही काय करता?’’

‘‘दुकानाबाहेर उजेडात नेऊन दाखवतो.’’

‘‘त्यात फसवणूक होते?’’

वडील निरुत्तर झाले. उजेडात नेणे वेगळे आणि रंग चढवणे वेगळे. मोबाइलमधील जी सोय नाक बारीक करते, वर्ण उजळते, ती मापात मारण्यासारखी आहे. भेटीच्या दिवशी ती उघडी पडते आणि पत जाते. योग्य अंतर आणि सौम्य प्रकाश म्हणजे तराजूचा काटा सरळ करणे.

त्यांनी मुलीला दरवाजाजवळ, बाहेरच्या उजेडाकडे किंचित वळवून बसवले. दुसऱ्या बाजूला एक पांढरी चादर धरायला लावली, म्हणजे सावली काळी न पडता मऊ होते. कॅमेरा सहा फुटांवर, डोळ्यांच्या उंचीला. छायाचित्र पाहून मुलगी म्हणाली, ‘‘ही मी आहे, पण आरशातली नाही.’’ आरसा डावे-उजवे उलटे दाखवतो आणि आपण आयुष्यभर त्याच चेहऱ्याला सरावतो, हे त्यांनी तिला समजावले. इतरांना दिसते ती मात्र हीच.

घरी परतल्यावर वडिलांनी कपाट उघडले. थोरल्या मुलासाठी आलेले बायोडाटे एका पाकिटात होते. त्यातील तीन त्यांनी स्वतः बाजूला ठेवले होते. एका मुलीचे कपाळ मोठे वाटले होते, दुसरीचा चेहरा सपाट, तिसरीचा वर्ण काळसर. आता त्यांनी चष्मा लावून ती छायाचित्रे पुन्हा पाहिली. एक हातभर अंतरावरून, जरा वरून काढलेले होते. दुसऱ्यात फ्लॅशचा लखलखाट होता. तिसरीच्या पाठीमागे उघडी खिडकी होती, त्यामुळे चेहरा अंधारात गेला होता. तिन्ही घरी त्यांनी ‘योग दिसत नाही’ एवढाच निरोप धाडला होता. त्या घरांतही कोणी मुलगी आरशापुढे अधिक वेळ उभी राहिली असेल, हे त्या वेळी त्यांच्या मनात आले नव्हते.

रात्री त्यांनी पत्नीला सांगितले, ‘‘यापुढे शिक्षण, घर आणि संस्कार वाचू. फोटो शेवटी पाहू, आणि नकार द्यायचाच असेल तर भेटल्यावाचून द्यायचा नाही.’’

आजी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी मात्र तीन घरांपैकी ज्या मुलीचे लग्न अजून ठरले नव्हते, त्या घरी फोन लावण्याची आठवण त्यांनीच करून दिली.