चिंचोक्यांची बेरीज

मूल पाच वर्षांचं झालं, की घरोघरी वही-पेन्सिल निघते. "तीन आणि दोन किती?" असं विचारायचं, उत्तर अडलं की आवाज चढवायचा, आणि शेवटी पाठीत धपाटा! पण बेरीज ही लिहिण्याच्या आधी हातांनी करायची गोष्ट आहे, हे आपण विसरतो.

माझी नात "पाच अधिक तीन आठ" घडाघडा म्हणायची. पण समोर शिंपल्यांचा ढीग ठेवून "यातून पाच आणि तीन मला एकत्र करून दे" म्हटलं, की माझ्या तोंडाकडे बघत राहायची. पाठ झालं होतं, कळलं नव्हतं. गणिताची वही दिसली की पोरीच्या पोटात दुखू लागे. तेव्हा सूनबाईंनी आणि मी मिळून महिनाभर वही बाजूलाच ठेवली.

आमच्या रत्नागिरीत त्यासाठी खेळणी विकत आणावी लागत नाहीत. भाट्याच्या किनाऱ्यावर शिंपल्या मिळतात, चिंचोके घरात असतातच, आणि माडाचे हीर नव्या खराट्यातून काढता येतात.

पहिला खेळ चिंचोक्यांचा. चिंचोके फोडून त्यांच्या पाच डाळी घ्याव्या. एक बाजू काळी, एक पांढरी. त्या जमिनीवर टाकायच्या आणि सांगायचं : तीन पांढऱ्या, दोन काळ्या. पुन्हा टाकल्या, चार आणि एक. दोन-चार दिवसांत नात स्वतःच म्हणाली, "आजी, कशाही पडल्या तरी पाचच होतात की!" हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरा खेळ वाटीचा. पाच शिंपल्या मोजून वाटीखाली झाकायच्या आणि तीन बाहेर ठेवायच्या. सगळ्या मिळून किती? सुरुवातीला मूल वाटी उचलून एकपासून मोजतं. मोजू द्यावं. ती चूक नव्हे, ती पायरी आहे. "आत पाच आहेतच, मग सहा, सात, आठ" हे त्याचं त्यालाच एक दिवस सुचतं. आपण घाई केली, तर ते पुन्हा पाठांतराकडे वळतं.

तिसरा हिरांचा. दहा हीर झाले की दोऱ्यानं जुडी बांधायची. दोन जुड्या आणि सात सुटे म्हणजे सत्तावीस. आपण बोलताना सात आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी, म्हणून मुलं ७२ लिहून बसतात. यासाठीच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही वाचन दिलं गेलं. त्यावर केवढा वाद झाला! मंगला नारळीकरांनी तेव्हा त्या बदलाची बाजू मांडली होती. वाद काही असो, जुडी हातात असली की मुलाला दोन्ही नावं कळतात.

हे काही माझं शहाणपण नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तूच मुलांच्या हाती दिल्या होत्या.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. घरात तान्हं किंवा रांगतं मूल असेल, तर खेळ संपताच सगळं मोजून डब्यात ठेवा. चिंचोका नाकातोंडात जायला वेळ लागत नाही. आणि कच्च्या काजूबिया खेळायला देऊ नका, त्यांचा चीक अंगावर उततो.

रोज पंधरा मिनिटं पुरेत. मूल "अजून एकदा" म्हणत असतानाच डबा बंद करावा. उत्तर चुकलं तर "चूक!" म्हणू नये, "चल, मोजून बघू या" म्हणावं. हातांना बेरीज आली, की अधिकाचं चिन्ह वहीत लिहायला दोन दिवसदेखील लागत नाहीत.