कुऱ्हाडे यांच्या नावातील ऱ

काही वर्षांपूर्वी दिल्लीतील आमच्या कार्यालयात कुटुंब निवृत्तिवेतनाचे एक प्रकरण महाराष्ट्रातून आले. दिवंगत कर्मचाऱ्याचे आडनाव कुऱ्हाडे. सेवापुस्तकाच्या छापील प्रतीत ते नेटके होते. मात्र सोबत आलेल्या मराठी दाखल्याची फाईल कक्षातील संगणकावर उघडली, तेव्हा टिंब दिलेला 'र', त्याचा पाय मोडलेला, आणि पुढे सुटा 'ह' असे काहीतरी दिसले. मराठी न जाणणाऱ्या सहायकाने नावात तफावत असल्याचा शेरा लिहिला. मी मराठी असूनही घाईत सही केली आणि नस्ती परत गेली.

दीड महिन्याने त्यांच्या पत्नीचे पत्र आले : "साहेब, लग्नापासून नाव हेच आहे."

तीच फाईल मी माझ्या संगणकावर उघडली. नाव शुद्ध होते. दोन्ही यंत्रांवर लिनक्सच होते, पण वितरणे निराळी.

फाईलमध्ये अक्षरांची चित्रे नसतात, युनिकोडचे संकेतांक असतात. 'ऱ्ह'साठी ऱ, हलन्त आणि ह असे तीन. कोणता फॉन्ट घ्यायचा हे फॉन्टकॉन्फिग ठरवते, जोडाक्षर हार्फबझ त्या फॉन्टमधील नियमांनुसार जुळवते आणि आकृती फ्रीटाइप रेखाटते. प्रत्येक वितरणात सोबत येणारे फॉन्ट, त्यांचा पसंतीक्रम आणि या साधनांच्या आवृत्त्या वेगवेगळ्या असू शकतात. कक्षातील यंत्राने निवडलेल्या फॉन्टात ऱच्या अर्ध्या रूपाचा नियमच नव्हता. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण ठरवलेले पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हेही अशाच कारणाने अनेकदा हिंदी वळणाने दिसतात.

चलनी उत्पन्न आणि वास्तव उत्पन्न यांतील भेद मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून शिकलो होतो. येथे पडद्यावरचे रूप बदलले होते, नोंद बदललेली नव्हती. आणि आम्ही रूपावरून निर्णय दिला होता. आक्षेप मी मागे घेतला, निवृत्तिवेतन मंजूर झाले, थकबाकीही मिळाली. पण त्या बाईंनी ते दीड महिने कसे काढले असतील, याची नोंद कोणत्याही नस्तीत नाही.

तेव्हापासून, नावातील तफावतीचा शेरा मारण्यापूर्वी फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी, असा नियम मी कक्षात केला. आणि ज्या वाचकांच्या आडनावात असा ऱ आहे, त्यांनी परप्रांतात कागदपत्रे पाठवताना फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रतही जोडावी, एवढे सुचवतो.