धनुष्य ओढायचं तर आधी पाठ हवी

राजेहो, तिरंदाजी म्हणजे एका जागी उभं राहून नेम धरणं, त्यात कसला आला व्यायाम? मनीषनगरच्या चहाटपरीवर हा प्रश्न नेहमी ऐकतो. म्हणून जरा हिशेब मांडतो.

ऑलिम्पिकच्या रिकर्व्ह प्रकारात पात्रता फेरीला ७० मीटरवरून ७२ बाण मारावे लागतात. धनुष्याचा ताण ४५ पौंड धरा, म्हणजे साधारण २० किलो. ते ७२ वेळा ओढायचं, रोखायचं, सोडायचं. बेरीज १४०० किलोंच्या वर जाते, अन् हात थरथरायला नको.

माझी भाची दोन वर्षांपासून तिरंदाजी शिकते. चाळीसेक बाण झाले की तिचा उजवा खांदा कानाकडे चढायचा आणि नेम बिघडायचा. तिच्या सरांनी रोइंग मशीन सांगितलं. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं, संथ लयीत. आधी पाय रेटायचे, मग पाठ, शेवटी हात. खांदे खाली. परत येताना घाई नाही.

कारण साधं आहे. बाण ओढायला पाठीचे जे स्नायू लागतात, त्यातले बरेच इथे तयार होतात. धनुष्य शरीर एकाच बाजूनं राबवतं, वल्हं दोन्ही बाजूंनी. दम वाढला की दोन बाणांच्या मधे श्वासही लवकर ठिकाणावर येतो. मात्र बाणांचा सराव आधी, मशीन नंतर. थकल्या खांद्यानं नेम धरला तर चुकीची सवय लागते. आणि मशीन काही धनुष्याची जागा घेत नाही.

आपल्या नागपूरचा ओजस देवतळे ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात विश्वविजेता झाला. अंतिम सामन्यात १५० पैकी १५०. समोरच्या पोलंडच्या खेळाडूचे १४९. एका गुणाचा फरक! पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदकं. पण या पोराला तयारीसाठी नागपूर सोडून साताऱ्याला प्रवीण सावंत सरांकडे जावं लागलं. आपण मिरवणुकीचे फोटो टाकले, पण पुढच्या पोरांसाठी इथे काय उभं केलं?

जिमची फी सगळ्यांना परवडत नाही. आमच्या भागातल्या एका बागेत ओपन जिम आहे, त्यात रोइंगचं यंत्रही आहे. त्याचा दांडा कित्येक महिन्यांपासून जाम आहे. पोरं त्यावर बसून मोबाइल बघतात. थोडं ग्रीस, दोन नटबोल्ट, एवढ्याचं काम.

नवीन क्रीडा संकुल मागत नाही मी. जे आहे ते चालू ठेवा, एवढंच. तुमच्याही बागेतलं यंत्र बंद असेल तर फोटो काढा, लेखी तक्रार द्या आणि तक्रारीचा क्रमांक इथे कमेंटमध्ये टाका. एकट्याची तक्रार फाइलीत जाते. पन्नास जणांची असली तर कुणीतरी पाना घेऊन येतोच.