ठेकेदार पारखताना

दिव्यातील माझ्या दवाखान्यात येणारे अनेक ज्येष्ठ अभिमानाने सांगतात, "मुलगा कंपनीत आहे." बहुधा तो ठेकेदाराकडे असतो. अशा वेळी मी विचारतो, त्याच्या कामगार विम्यात तुमचे नाव नोंदवले आहे का?

वाचकहो, हा प्रश्न तुमच्याच उपचारांचा आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराच्या अवलंबून असलेल्या, अल्प उत्पन्नाच्या आईवडिलांनाही कामगार विमा रुग्णालयात उपचार मिळतात. त्यासाठी वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात, ३.२५ टक्के मालकाने भरावयाचे असतात. काही ठेकेदार दोन्ही वाटे पगारातूनच वळते करतात, काही कापलेलेही भरत नाहीत. रोज थोडा जास्त मिळतो म्हणून अशाकडे जाणे आजारपणात फार महाग पडते.

नवे काम धरण्यापूर्वी मुलाने तिथल्या जुन्या कामगाराचे पगारपत्रक पाहावे. तोंडी हिशेब ठेवणारा ठेकेदार, माझ्या मते, टाळावाच. रुजू झाल्यावर भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक 'उमंग' ॲपवर दरमहा पाहावे. ठेकेदाराने विम्याची वर्गणी बुडवली, तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. मात्र तक्रार करताना पगारपत्रके हाताशी हवीत. ती औषधांच्या फाइलमध्येच ठेवा.