भिंतीच्या पोटात

घराचं काम हातात घेतलं की टेप काढण्याआधी मी भिंतीवर बोटांची पेरं आपटून बघते. नगरच्या सावेडीतल्या, पाइपलाइन रोडवरच्या नव्या फ्लॅटमधली आतली भिंत चार इंचांची, ती लगेच आवाज देते. माळीवाड्यातल्या जुन्या वाड्याची भिंत दोन-अडीच फुटांची. तिच्यावर आपटलं तर आपलाच हात दुखतो.

त्या दोन-अडीच फुटांत किती संसार मावत होता, हे काम करता करता कळत गेलं. आपल्या भागातलं माळवदाचं घर म्हणजे डोक्यावर तुळया, कड्या, किलचणं आणि त्यांवर मातीचा जाड थर. तो भार पेलायला रुंद भिंत लागायचीच. मग कारागिरानं त्या रुंदीतच घरच्यांची सोय लावली : देवळी, कोनाडा, फडताळ, खुंट्या. पाथर्डीकडच्या एका वाड्यातल्या देवळ्या मी नीट मापल्या होत्या. माजघरातली जमिनीपासून सव्वादोन फुटांवर, चुलीपाशी बसलेल्या बाईला हात लांबवून चिमणी ठेवता येईल अशी. दाराजवळची छातीच्या उंचीवर, उभ्या माणसासाठी. दोन्हींच्या कमानींना काजळी धरलेली, खालच्या दगडावर तेलाचा तुकतुकीत डाग. घरात कोण कुठं बसतं आणि कुठं उभं राहतं, हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं.

आता वजन कॉलम-बीम पेलतात. भिंतीला नुसता आडोसा करायचा असतो, म्हणून ती बारीक झाली. यात बिल्डरला दोष देण्यात अर्थ नाही, चौरस फुटाच्या भावात जाड भिंत कोणाला परवडणार? पण तिच्या पोटातलं सामान बाहेर पडलं आणि प्लायवूडच्या खोक्यांत बसून खोलीत आलं. दहा बाय बाराची बेडरूम घ्या. दहा फुटी भिंतीला दोन फूट खोल वॉर्डरोब लावला की वीस चौरस फूट, म्हणजे खोलीचा सहावा हिस्सा गेला. हॉलमध्ये टीव्ही युनिट, शू रॅक, देवघर. इंटिरिअर म्हणून आपण जे करून घेतो, त्यातलं निम्मं तरी या हरवलेल्या जाडीची भरपाई असते, असं माझं पक्कं मत आहे.

म्हणून नव्यानं हाताशी आलेल्या मुलामुलींना मी आधी फऱ्याबागेतला महाल दाखवते. निजामशाहीतली ही अष्टकोनी वास्तू १५८३ मध्ये पुरी झाली, तळ्याच्या मधोमध. तळं आता कोरडं आहे, गिलावाही ठिकठिकाणी गळालाय. तरी कमानीत उभं राहिलं की जाडी अंगाला कळते. उन्हातून आत शिरताना आधी सावलीचा रुंद पट्टा लागतो, डोळे निवतात, मग दालन सुरू होतं. फ्लॅटमध्ये हे थोडंफार साधतं. पश्चिमेकडच्या बेडरूमला मी वॉर्डरोब पश्चिमेच्याच भिंतीला लावते, मधे खिडकी सोडून. कपड्यांनी भरलेलं कपाट एप्रिल-मेची झळ बरीच अडवतं आणि खिडकीला आपसूक दोन फुटांची खोली मिळते. तिथं अठरा इंचांवर बैठक केली की घरातली म्हातारी माणसं दुपार तिथंच काढतात. कपाटामागं इंचभर हवा मात्र सोडायचीच, नाहीतर पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि प्लायला बुरशी येते.

कापडबाजारातल्या साड्यांच्या दुकानांत जाडी अजून शाबूत आहे. छताला भिडलेल्या फळ्यांवरच्या थप्प्या हीच तिथली भिंत. ‘शोरूमसारखं करा’ म्हणत मालक निम्म्या फळ्या उतरवून आरसे आणि पुतळे लावायला सांगतात, तेव्हा मी हट्टानं भांडते. गिऱ्हाईक गादीवर टेकतं, सेल्समन थप्पीतून साडी ओढून एका झटक्यात पदर पसरतो, त्या भरल्या भिंतीसमोर निवड करण्यात खरेदीचा निम्मा आनंद असतो. अडचण वेगळीच असते. बायकांना साडी उचलून दारात न्यावी लागते, कारण आतल्या दिव्यात रंग खरा दिसत नाही. म्हणून पीओपीच्या नक्षीचे पैसे मी दिव्यांवर घालायला लावते : सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा, रंग ४००० केल्विनच्या आसपास.

हे सगळं वीट लागण्याआधी ठरलं तर फार बरं पडतं. संगमनेर, राहुरीकडची बंगल्याची कामं आली की मी फक्कीनं खोल्या आखायच्या दिवशीच जाते. एकदा आजी, सून आणि मी अशा तिघी त्या पांढऱ्या रेषांमधून फिरत होतो. ‘‘पोरी, आमच्या वाड्यात एक कपाट नव्हतं, पण पसारा कधी दिसला नाही,’’ आजी म्हणाल्या. दोन बेडरूममधली चार इंची भिंत मी तिथंच रद्द केली आणि दोन फुटी कपाटाचीच भिंत धरली. निम्मं कपाट इकडं उघडणारं, निम्मं तिकडं, मधल्या पाठीला जिप्समचे दोन थर आणि आवाज अडवायला रॉकवूल. मिस्त्री म्हणाला, ‘‘ताई, एवढी रुंद भिंत? जागा वाया चाललीय.’’ मी टेप त्याच्या हातात दिली आणि दोन्ही खोल्यांत वेगवेगळी कपाटं ठेवली तर किती जागा जाईल, ते त्यालाच मोजायला लावलं.