संघ निवडताना

सर्वकालीन भारतीय संघ निवडायचा, तर आम्हां धाराशिवकरांना प्रथम खो-खोच आठवतो. एका सायंकाळी मी व माझी मुलगी कागद घेऊन बसलो. पहिले नाव सारिका काळे हिचे. तिच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले; २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार लाभला. पुढे मी चपळ धावणाऱ्यांचीच नावे लिहीत गेलो.

"बाबा, धावते एकच, आठ जणी बसलेल्या असतात. त्यांच्याशिवाय खो कुणाला देणार?"

मी निरुत्तर झालो. शालेय संघात निवड झाली नाही म्हणून तिचा सराव मीच बंद केला होता. खो मिळेपर्यंत दबा धरून बसणे हाही खेळच, हे मी विसरलो होतो.

कागद बाजूला ठेवून म्हणालो, "उद्या सकाळी मैदानावर जाऊ."