जन्नतुल-अरीफचे पाणी

अंदलूसचे नाव आमच्या घरात नेहमी उसाशासह निघायचे. रात्रीच्या जेवणानंतर अब्बा ग्रानादाची गोष्ट सांगत. ती दर वेळी जानेवारी 1492 पाशी येऊन थांबे. शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह अलहंब्राच्या चाव्या सोपवतो आणि निघून जातो, बस्स! त्यामुळे यंदा स्पेनला जायचा योग आला, तेव्हा आम्ही दोघे आणि दोन्ही मुले जणू रडायच्या तयारीनेच ग्रानादात उतरलो.

अलहंब्राच्या राजवाड्यांसमोर, मधली घळ ओलांडली की सूर्याच्या टेकडीच्या उतारावर एक पांढरा वाडा दिसतो. हा नसरी सुलतानांचा मळा. दरबाराच्या कटकटींतून सुटून ते इथे विसाव्याला येत. त्याचे स्पॅनिश नाव ‘खेनेरालिफे’. मूळ अरबी नाव ‘जन्नतुल-अरीफ’. बहुतेक जण याचा अर्थ ‘वास्तुकाराची बाग’ असा करतात. अरबीत जन्नत म्हणजे बागच, हे मुलांना तिथे उभे राहून सांगताना फार सोपे गेले. तेराव्या शतकाच्या अखेरीस या मळ्याची सुरुवात झाली आणि 1319 मध्ये सुलतान इस्माईल पहिला याने वाडा नव्याने सजवला.

वाड्याच्या मधोमध सर्वांत प्रसिद्ध अंगण आहे. ते सुमारे 49 मीटर लांब आणि 13 मीटरपेक्षाही कमी रुंद आहे. मधून सरळ पाट, दोन्ही बाजूंना फुलांचे वाफे आणि पाटावर कमानीसारखे झेपावणारे कारंजे. सगळे प्रवासी त्याचेच फोटो काढतात. आम्हीही काढले. नंतर कळले की ते उडते कारंजे सुलतानांचे नाहीतच. ते एकोणिसाव्या शतकात बसवले गेले. मुळात इथले पाणी शांतपणे वाहत असे.

हे समजायला एक आग कारण झाली. डिसेंबर 1958 मध्ये अंगणाच्या एका बाजूला आग लागली आणि दुरुस्तीच्या निमित्ताने जमीन खोदली गेली. तेव्हा खाली जुनी बाग सापडली. जुन्या वाफ्यांची माती आजच्यापेक्षा बरीच खाली होती आणि दुसरी एक वाट मध्येच पाटाला छेद देऊन बागेचे चार भाग करत होती. म्हणजे आपल्या बीबी का मकबऱ्यात पाहतो तोच चारबागेचा नमुना! पाटाच्या भिंतीत छोटी भोकेही होती. त्यांतून वाफ्यांना पाणी मिळे. शोभा आणि सिंचन एकाच पाटाने साधले होते.

हे पाणी येते कुठून? 1238 मध्ये ग्रानादात आलेल्या मुहम्मद पहिला या सुलतानाने दारो नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवून, डोंगराच्या कडेकडेने सुमारे सहा किलोमीटरचा पाट आणला. पंप नाही, इंजिन नाही, फक्त उताराचा अचूक हिशेब. राज्य गेले, पण पाट राहिला आणि त्याचे नावही राहिले. स्पॅनिश लोक त्याला ‘आसेकिया’ म्हणतात, ते अरबी ‘साकिया’वरून. हौदाला ते ‘अल्बेर्का’ म्हणतात, तो आपला ‘बिरका’. संत्र्याला ‘नारांखा’ म्हणतात, हे ऐकल्यावर धाकटी ओरडलीच, “अम्मी, ही तर आपली नारंगी!”

टेकडीवर आणखी वर एक जिना आहे. त्याच्या दोन्ही कठड्यांवर पन्हळी आहेत आणि त्यांतून पाणी खळाळत खाली येते. माथ्यावर पूर्वी नमाजची छोटी जागा होती आणि चढणाऱ्याला वाटेतच वजू करता येई, असे मानतात. आम्ही हात भिजवले. पाणी बर्फासारखे गार होते.

1492 नंतर हा मळा नव्या राज्यकर्त्यांच्या हाती गेला. पुढे तो ग्रानादा-वेनेगास या घराण्याकडे आला. हे घराणे नसरी वंशातलेच, पण ख्रिस्ती झालेले. बाकीच्या मुसलमानांना आधी धर्म सोडावा लागला, मग बंडानंतर 1570 मध्ये ग्रानादा आणि 1609 पासून स्पेनच सोडावा लागला. मळ्याच्या मालकीचा खटला मात्र जवळपास शतकभर चालला आणि 1921 मध्ये तो सरकारजमा झाला.

आम्ही रडलो ते मात्र राजवाड्यात नाही. परत निघताना खालच्या अंगाला भाजीचे वाफे दिसले. एक म्हातारा माळी फावड्याने मातीचा बांध फोडून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत होता. सुलतानांच्या काळापासून ही जमीन पिकते आहे. ज्यांनी पाट खणला ते हाकलले गेले, पण ज्यांच्या हाती तो आला त्यांनी तो बुजू दिला नाही. कारण भाजी पिकवायची तर पाट साफ ठेवावाच लागतो.

आणि आम्हाला आमचे औरंगाबाद आठवले. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून नहर आणली. त्या पाण्यावर शहर वाढले. आमच्या लहानपणी नहरीचे पाणी चढवणारे विटांचे मनोरे आम्ही खेळताना मोजायचो. आज काही ढासळले आहेत, काहींत कचरा आहे आणि आम्ही टँकरची वाट पाहतो. ही नहर आमच्याकडून कुणी हिसकावली नव्हती. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आम्ही पाठ केली आणि घराजवळच्या नहरीकडे मात्र पाठ फिरवली.

घरी आल्यावर अब्बांना फोटो दाखवले. अलहंब्राचे त्यांनी भराभर सरकवले. माळ्याच्या फोटोवर थांबले. बराच वेळ पाहून म्हणाले, “हे मला कुणी सांगितलेच नव्हते.”

पुढच्या जुम्याला नमाजनंतर ते नातवंडांना घेऊन मोहल्ल्यामागच्या मनोऱ्यापाशी गेले. आम्ही घमेली आणि फावडी घेऊन मागोमाग निघालो. त्या दिवशी दोन हातगाड्या कचरा निघाला. पाणी दिसले नाही. पुढच्या जुम्याला पुन्हा जायचे ठरले आहे.